खिडकीची दोरी

पोर्ट चाल्मर्सच्या टेकडीवर आमचं घर,
लाकडाचं, पन्हाळी पत्र्याचं, बंदराकडे जरासं कललेलं.
लिंडसे म्हणतो, घर नाही नायरी, तू कललीस.
असेल.

सोमवारी निजायच्या खोलीतल्या खिडकीची दोरी तुटली.
वर सरकवली की धाडकन खाली येते.
तूर्त तिच्याखाली एक कादंबरी उभी केली आहे,
साडेसहाशे पानं,
मी दोनदा सुरू करून दोनदा सोडलेली.
कामाला आली एकदाची.

चौतीस वर्षं मी विमानतळावर
लोकांच्या बुटांचे तळवे पाहिले.
कुठली माती, कुठलं बी,
कुणाच्या मावशीनं बांधून दिलेला मध.
सगळं काढून घ्यायचं, आणि हसून.
एकीच्या पिशवीत एकच कांदा होता, वर्तमानपत्रात गुंडाळलेला.
"आमच्या अंगणातला आहे," ती म्हणाली,
जणू मग तो चालेल.
मी तो पिवळ्या डब्यात टाकला.
घरी येऊन लिंडसेला म्हटलं,
सुटले की ही सगळी अंगणं बघून येणार.

आले. पेन्शनीत बसतील तेवढी.
सगळ्यात स्वस्त केबिन, जहाजाच्या पोटातली,
जिथे पहाट बटणावर होते.
जेवणाच्या टेबलावर आधी गुडघ्यांची चौकशी,
मग नातवंडांची,
नाव विचारायचं बहुतेक राहूनच जातं.
पपई रोज फुलासारखी कापलेली.
अकराव्या दिवशी तिचा कंटाळा येतो
आणि बाराव्या दिवशी त्या कंटाळ्याची लाज.
दुपारी वाचनालयात मी आणि झोपलेला एक दंतवैद्य,
आणि एक रहस्यकथा, जिचं शेवटचं पान
कुणीतरी नेलं होतं, तास्मान समुद्रात की त्याआधीच, कोण जाणे.

लिंडसे येत नाही.
त्याला धक्क्यावर उभं राहूनही बोट लागते.
तो घर सांभाळतो, म्हणजे
गळक्या नळाखाली भांडं ठेवतो
आणि भांडं भरलं की बदलतो.
पुस्तकं तो शेवटाकडून वाचतो.
खुनी कोण ते जेवताना सांगून टाकतो,
मीठ दे म्हणावं तितक्या सहज.

मागच्या फेब्रुवारीत जहाज आमच्याच बंदरातून सुटलं.
नवव्या मजल्यावर कठड्याशी उभी होते,
दुर्बीण होती, पक्ष्यांसाठी घेतलेली.
आणि टेकडीवर एक घर दिसलं.
पन्हळ एका बाजूनं लोंबलेली,
भर दुपारी न्हाणीतला दिवा चालू,
शिडीवर एक म्हातारा, एका हातात ब्रश,
दुसऱ्या हातानं टॉवेल हलवत होता,
भलत्याच मजल्याकडे बघून.
पाठीमागे वाफ्यात कांद्याची पात.
मी म्हटलं, काय हे घर ठेवलंय लोकांनी.
मग म्हटलं, अगं.

हात हलवायचा राहिलाच.
जहाज वळेपर्यंत मी नुसती पन्हळ बघत होते.

आज रावीरीकडून दोरी आणली, आठ मीटर.
त्यानं पैसे घेतले नाहीत, शिडी मात्र परत मागितली.
चौकटीतली पट्टी उचकटली,
आत हात घातला कोपरापर्यंत.
धूळ, एक वाळलेली गोम,
आणि तळाशी पडलेलं लोखंडी वजन,
थंड, काकडीएवढं.
ही खिडकी इतकी वर्षं कशाच्या जोरावर उघडी राहायची,
ते भिंतीत होतं, आणि मला ठाऊकच नव्हतं.
गाठ लिंडसेनं मारली. दोनदा सुटली. तिसरी बसली.

आता एका बोटानं वर जाते
आणि सोडाल तिथे थांबते.
खाली बंदरात कुठलंसं जहाज भोंगा देतंय, देऊ दे.
कादंबरी मोकळी झाली आहे,
कण्यावर खिडकीचा वळ घेऊन.
मी पहिलं पान काढते.
लिंडसे समोर बसून चहात बिस्कीट बुडवतोय,
शेवट वाचलेला चेहरा करून.
एक अक्षर बोलू नकोस, मी म्हणते.
त्याचं बिस्कीट तुटून चहात पडतं.